धाकट्याला टोप्या आणायला सांगू का?

सेलू तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचं पत्र आलंय. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र थोडं लहान करून देतो.

"आजोबांच्या काळची बारा बोरची दुनळी बंदूक आमच्या घरात आहे. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, तो चालू आहे. दुधना नदीच्या पाण्यानं ऊस वाढला तशी रानडुकरं वाढली. हरभरा म्हणू नका, ज्वारी म्हणू नका, काही ठेवत नाहीत. जागलीला गेलो की एखादा बार काढावा लागतो, वर्षाला वीस-पंचवीस काडतुसं जातात. दुकानातलं काडतूस दरवर्षी महागतंय. धाकटा भाऊ टेक्सासला असतो, त्याला तिकडं नेमबाजीचा नाद लागलाय. नऊ मिलिमीटरची आणि बारा बोरची काडतुसं तो घरीच भरतो. तो म्हणतो, बाकी सगळं जमतं, टोपी (काडतुसाच्या बुडात बसणारी, ठोक्यानं दारू पेटवणारी इवलीशी वाटी) मात्र चांगली मिळाली पाहिजे. आणि हल्ली टोप्याच महाग झाल्यात. तो दिवाळीला येतोय. त्याला हजार टोप्या आणायला सांगू का? कोणत्या कंपनीच्या स्वस्त आणि खात्रीच्या? माझ्याकडं रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांची कवचं, पोतंभर आहेत. आणि ट्रंकेत वडिलांच्या वेळची चौदा काडतुसं निघालीत, ती चालतील का?"

भाऊ,

धाकट्याचं तिकीट निघालं असेल म्हणून जे घाईचं आहे ते आधी सांगतो. टोप्या आणायला सांगू नका. हजार तर नाहीच, एकसुद्धा नाही. बोलण्याच्या ओघात "घेऊन ये" म्हणून गेला असाल तर आज रात्रीच परत फोन लावा. आणि बॅग भरण्याआधी सगळे कप्पे, जॅकेटचे खिसे उलटे करून झटकायला सांगा. काडतुसं भरणाऱ्या माणसाच्या सामानात एखादी टोपी, एखादं काडतूस नकळत राहून जातं. विसरून राहिलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या आपल्याकडं नेहमी येतात. दिवाळीला घरी आलेला पोरगा दोन वर्षं तारखांना फेऱ्या मारतोय, हे चित्र मला तुमच्या घरात नको आहे.

अमेरिकेत भरलेली काडतुसं नीट पॅक करून, आधी सांगून मोठ्या सामानातून नेता येतात, त्यामुळं धाकट्याला वाटेल की मग टोप्यांना काय हरकत. पण सुट्या टोप्या ना हातातल्या पिशवीत चालतात, ना मोठ्या सामानात. याला कारण आहे. काडतुसात बसलेली टोपी एकटी असते, भोवती पितळ असतं. सुट्या हजार टोप्या एकत्र असतात आणि एक उडाली की शेजारचीला उडवते. म्हणून तर कारखान्यातून त्या खाच्याखाच्यांच्या ट्रेमध्ये एकेक वेगळी बसवून येतात.

आता कायदा. माझ्याकडं परवाना आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे, पण कशाचा, ते बघा. तो बंदूक जवळ बाळगायचा, आणि नेमून दिलेल्या संख्येइतकी काडतुसं विकत घेऊन ठेवायचा आहे. काडतूस बनवायचा नाही. ट्रॅक्टर चालवायचा परवाना असला म्हणून आखाड्यावर डिझेलचा पंप टाकता येत नाही, तसंच हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या पुष्कळ परवानाधारकांनी कधी वाचलेलीच नसते. तिच्यात भरलेलं काडतूस तर येतंच, पण काडतुसाचे भाग येतात आणि काडतूस बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे पुंगळीत दारूचा कण नसताना नुसती टोप्यांची डबी आणि भरायचं हातयंत्र घरात सापडलं तरी कायद्याच्या दृष्टीनं तो दारूगोळाच. कलम ५ प्रमाणं विनापरवाना दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. वीस-पंचवीस काडतुसांत वाचतील तेवढ्या पैशांसाठी हे दार उघडू नका. शिवाय आजोबांपासून जपलेला परवाना जाईल तो वेगळाच.

आणि पैसे तरी वाचतील का? धाकट्याला ते परवडतं, कारण तो आठवड्याला दोनशे-तीनशे बार करत असेल. भरायचं यंत्र, साचे, दारू मोजायचा काटा यांचा खर्च हजारो काडतुसांवर वाटला जातो. तुमच्या पंचवीस काडतुसांवर तो वाटायला गेलात तर तुमची उभी हयात पुरणार नाही.

तुमच्या पोतंभर पुंगळ्यांबद्दल लिहिताना मला आमच्या गावचे एक काका आठवतात. अंबाजोगाईच्या बाजूचं गाव, साल १९७३ किंवा १९७४. दुष्काळ गेला होता, शिकारीचे दिवस होते. काका पुंगळ्या परत भरायचे, आणि साऱ्या पंचक्रोशीला त्यांचं कौतुक होतं. एके दिवशी ओसरीवर बसून ते एका पुंगळीतून न उडालेली टोपी खिळ्यानं ठोकून काढत होते. मी अंगणात विटी-दांडू खेळत होतो. आवाज फार मोठा झाला नाही, लोखंडी पत्र्यावर दगड पडावा तेवढा. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि पितळेचा एक तुकडा डोळ्याखाली घुसला. पुढं मी फौजेत गेलो आणि बावीस वर्षं हत्यारांच्या दुरुस्तीत काढली. पण टोपी म्हटलं की मला अजून ती ओसरी दिसते. तुमच्या पोत्यात न उडालेल्या टोपीची एखादी पुंगळी असू शकते. पोतं लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि त्यातली एकही पुंगळी ठोकू-खुपसू नका.

एवढ्याशा टोपीत असतं काय, तेही सांगतो. धाकट्यासाठी पुढं जे सांगायचंय ते त्यावरच उभं आहे.

टोपी म्हणजे पितळेची इवलीशी वाटी. नऊ मिलिमीटरच्या काडतुसाची टोपी रुंदीला साडेचार मिलिमीटरसुद्धा भरत नाही, तुरीच्या दाण्याहून लहान. वाटीच्या तळाशी शिशाच्या एका क्षारावर आधारलेलं मिश्रण लुकणीसारखं थापलेलं असतं आणि त्यावर धातूची एक छोटी ऐरण बसवलेली असते. घोडा पडला की सुई वाटीला पोचा पाडते, मिश्रण वाटी आणि ऐरणीच्या मध्ये चिरडतं आणि ज्वाळेचा झोत आतल्या दारूवर जातो. म्हणजे लोहाराच्या दुकानातलं काम, फक्त डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी उरकणारं. ठोक्यानं पेटणाऱ्या मिश्रणाचा बंदुकीसाठी उपयोग करायचं डोकं स्कॉटलंडच्या एका पाद्र्याचं, अलेक्झांडर फोर्साइथ यांचं. त्यांना पाखरं मारायचा छंद होता. चकमकीच्या बंदुकीत आधी ठिणगी उडायची आणि मग बार व्हायचा. तेवढ्या वेळात पाखरं सावध होऊन निघून जायची. १८०७ साली त्यांनी आपल्या युक्तीचं पेटंट घेतलं, आणि तिथून पुढं ठासणीच्या बंदुकीवर बसणारी तांब्याची टोपी आली. आपल्याकडची जुनी माणसं अजून 'टोपीची बंदूक' म्हणतात ती हीच.

आता धाकट्याकडं वळतो. त्याच्या तिथल्या कायद्यात हा छंद बसतो आणि तो मन लावून करतोय, तर त्याला योग्य तेच सांगायला हवं. हा भाग त्याला जसाच्या तसा वाचून दाखवा.

स्वस्त काय हे ठरवण्याआधी बसतं काय, हे बघायचं. तिकडं रायफल आणि पिस्तुलाच्या टोप्या दोन मापांत येतात: लहान ०.१७५ इंच आणि मोठी ०.२१० इंच. नऊ मिलिमीटरला लहान पिस्तुलाची टोपी लागते. लहान रायफलची टोपी रुंदीला तेवढीच असते, पुंगळीच्या बुडातल्या त्याच खाचेत बसतेही, पण तिची वाटी जाड असते आणि दाबाचं गणित वेगळं असतं. टंचाईच्या दिवसांत 'बसतंय ना' म्हणून लोक एकीच्या जागी दुसरी घालतात. काडतुसं भरण्याच्या पुस्तकात ज्या काडतुसाला जी टोपी सांगितलीय तीच घ्यायची. बारा बोरला वेगळीच, २०९ नंबरची टोपी लागते, तिला स्वतःची बाहेरची पितळी नळी असते. तिथंही एका कंपनीची २०९ काढून दुसरीची घातली की दाब बदलतो, आणि पुष्कळदा तो वाढतो. म्हणून टोपीची कंपनी बदलली की दारूचं माप खाली आणून, एकेक पायरी चढत परत ठरवायचं. जुन्या मापावर नवी टोपी घालायची नाही.

पुंगळी कोणत्या जातीची आहे तेही आधी बघावं. बॉक्सर जातीच्या पुंगळीत ऐरण टोपीतच असते आणि ज्वाळेचं भोक मध्यभागी एकच असतं. बर्डन जातीच्या पुंगळीत ऐरण पुंगळीच्याच तळाला असते आणि भोकं बहुधा दोन असतात. बॉक्सर हे इंग्रज, पण त्यांची जात अमेरिकेत रुजली. बर्डन हे अमेरिकन, त्यांची जात युरोपात. दुकानात मिळणाऱ्या टोप्या बॉक्सरच्या असतात. भोकं दोन दिसली की ती पुंगळी भंगारात टाकायची, कारण टोपी काढायचा दांडा तिथं अडकून मोडतो.

कंपन्यांबद्दल. सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन ही तिकडची जुनी नावं. बाहेरून येणाऱ्यांत इटलीची फियोक्की, झेक देशातली सेलियर अँड बेलो, फ्रान्सची शेडाइट आणि बोस्नियाची गिनेक्स. यातली सेलियर अँड बेलो १८२५ साली प्रागमध्ये निघाली तीच मुळी टोप्या बनवायला. यातल्या कुठल्याही नावाची, सीलबंद खोक्यातली, हव्या त्या मापाची टोपी खात्रीची असते. मग फरक कुठं पडतो? वाटीच्या कडकपणात. फेडरलची वाटी मऊ म्हणून ओळखली जाते, सीसीआयची कडक. घोड्याची स्प्रिंग हलकी करून घेतलेल्या बंदुकीत कडक वाटी एखादवेळी उडत नाही, आणि दोष मात्र टोपीवर येतो. सुई मोकळी पुढं धावणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलीत उलट असतं. तिथं मऊ वाटी नको, नाहीतर चाप न ओढताच बार होऊ शकतो. म्हणून कोणती कंपनी चांगली, हा प्रश्न बंदूक बाजूला ठेवून विचारता येत नाही. धाकट्यानं कोणत्याही नव्या नावाचं शंभराचं एक खोकं आणावं, आपल्या बंदुकीत उडवून बघावं, आणि सगळ्याच्या सगळ्या उडाल्या तर मगच त्याच नावाच्या हजारांची ऑर्डर द्यावी.

बारा बोरच्या टोपीत शेडाइट आणि फियोक्कीची एक गोष्ट त्यानं लक्षात ठेवावी. त्या किंचित जाड असतात. वापरून सैल झालेल्या पुंगळीत त्या घट्ट बसतात, हा फायदा. पण एकदा त्या घातल्या की ती खाच तेवढी रुंद होते आणि पुढच्या वेळी अमेरिकन टोपी तिथं सैल पडते. जी पुंगळी शेडाइटला दिली ती शेडाइटलाच ठेवायची, ढीग वेगळा करायचा.

किमतीबद्दल त्याचं रडगाणं खरं आहे. २०२० च्या आधी हजार टोप्या तीस-पस्तीस डॉलरच्या आसपास मिळायच्या. महामारीत बंदुकांची खरेदी वाढली, त्याच साली रेमिंग्टननं दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि हजारचा भाव शंभर डॉलरच्या वर गेला. नंतर तो उतरला, पण जुन्या जागी परत आला नाही. सीसीआय, फेडरल आणि रेमिंग्टनचा काडतुसांचा धंदा २०२४ च्या शेवटी एकाच झेक उद्योगसमूहाकडं गेलाय, फियोक्कीही त्याच समूहाची. तेव्हा चार नावांमध्ये घासाघीस करून भाव पडेल अशी आशा धरण्यात फार अर्थ नाही.

पण धाकट्याला एक हिशेब करायला सांगा. एका हजारात पंधरा डॉलर वाचले तर एका बारामागं दीड सेंट वाचला. काडतुसाच्या एकूण खर्चात तो कुठंच दिसत नाही. पैसे वाचवायचे तर ते पोहोचवण्याच्या खर्चात वाचवावेत. टोप्या घरपोच मागवल्या की धोकादायक मालाचा वेगळा आकार लागतो. तो एका खोक्याला लागतो तेवढाच पाच खोक्यांनाही लागू शकतो. म्हणून चार मित्रांनी मिळून एकदाच मागवावं, किंवा गावातल्या दुकानातून उचलावं. मागवून साठवायच्या म्हटल्या तरी राहत्या घरात दहा हजारांच्या वर टोप्या ठेवू नयेत, अशी तिथल्या अग्निसुरक्षेच्या नियमावलीची मर्यादा आहे.

आणि जिथं भाव फारच कमी दिसेल तिथून त्यानं पाऊल मागं घ्यावं. फोडलेलं खोकं, बरणीत भरलेल्या सुट्या टोप्या, कुणाच्या तरी आजोबांच्या गॅरेजमधून निघालेला माल, कुठल्या तरी देशाच्या फौजेचा जुना साठा. सुट्या टोप्या कधी काचेच्या बरणीत ठेवू नयेत. ती बरणी हातबॉम्ब होते, आणि हे मी घाबरवण्यासाठी म्हणत नाही. जुन्या फौजी मालात पोटॅशियम क्लोरेटचं मिश्रण असू शकतं. ते उडाल्यावर मागं जो क्षार उरतो तो मिठासारखाच हवेतलं पाणी ओढतो आणि आठ-पंधरा दिवसांत नळी गंजून खड्डे पडतात. तेलाच्या चिंधीनं तो क्षार जात नाही, पाण्यानं जातो. आमच्या कारखान्यात जुन्या नळ्या यायच्या तेव्हा आम्ही आधी उकळतं पाणी ओतायचो, मग कोरड्या करून तेल द्यायचो. तुमच्या दुनळीतून वडिलांच्या काळात असली काडतुसं गेली असतील तर आतले खड्डे तुम्हाला उजेडाकडं धरून दिसतील.

धाकट्याच्या घरात लहान मूल आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर त्याला कळकळीनं सांगतो: टोपीत शिसं असतं. उडालेल्या टोप्या काढताना आणि पुंगळ्या घासताना जी काळी धूळ निघते ती शिशाची असते, आणि लहान मुलाच्या मेंदूला ती फार वाईट. स्वयंपाकघरात हे काम नको. काम चालू असताना चहा नको, तंबाखू तर मुळीच नको. उठल्यावर साबणानं हात धुवायचे, कपडे वेगळे टाकायचे, आणि डोळ्यांवर चष्मा सदैव. टोपी बसवल्यावर पुंगळीच्या तळावरून बोट फिरवून बघायचं. टोपी तळाच्या केसभर आत असली पाहिजे, वर आलेली नको. आणि दारू घातली का नाही, याची शंका आली तर काडतूस बाजूला काढायचं. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरून अडकते, आणि मागून दुसरा बार झाला तर नळी फाटते. आवाज फुसका आला की थांबायचं आणि नळीतून आरपार बघायचं.

धाकट्याचं झालं. आता तुमची चौदा काडतुसं.

ती चालवू नका. कागदी पुंगळीची असतील तर ओल धरून फुगली असतील, पितळेच्या बुडाला हिरवट गंज चढला असेल. प्लास्टिकची असली तरी मराठवाड्यातल्या पत्र्याच्या खोलीत लोखंडी ट्रंकेत तीस-चाळीस उन्हाळे काढलेल्या टोपीचा भरवसा मी देणार नाही. जुनी टोपी कधी उडत नाही, आणि कधी उशिरा उडते. हे उशिरा उडणं जास्त वाईट, कारण काय झालं म्हणून माणूस बंदूक मोडून बघायला जातो. चांगल्या काडतुसाच्या बाबतीतही हे कधी झालं तर नळी रिकाम्या रानाकडं तशीच धरून सावकाश तीसपर्यंत आकडे मोजा आणि मगच बंदूक उघडा.

ती चौदा काडतुसं तुमच्या परवान्यावर नोंदवलेली आहेत का, हेही बघा. वडिलांच्या परवान्यावरची असतील आणि तुमच्यावर चढली नसतील तर ती बाळगायचा हक्क संपलेला आहे. शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये अशा वेळी माल जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं विनाविलंब जमा करायची वाट ठेवलेली आहे. लेखी अर्ज द्या, संख्या लिहा, पोच घ्या. विहिरीत टाकू नका, जाळू नका, बांधाला पुरू नका. पुढं कुणाच्या तरी नांगराला ती लागतील. पोत्यातल्या पुंगळ्यांचाही प्रश्न त्याच वेळी विक्रेत्यासमोर ठेवा.

नवं काडतूस घ्यायला जाल तेव्हा बंदूक सोबत न्या आणि कोठीची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी मोजून घ्या. आजोबांच्या वेळच्या पुष्कळ बंदुकांची कोठी अडीच इंची असते, आणि आज येणारी काडतुसं बरीचशी पावणेतीन इंची. लांब काडतूस आखूड कोठीत जातं, झाकणही लागतं, पण बार होताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब चढतो. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसत असेल तर ती पट्ट्या पिळून घडवलेली जुनी नळी आहे. तिच्यात आजची दारू घालूच नका, ती बंदूक आजोबांची आठवण म्हणून भिंतीवर शोभेल. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून काडतुसं बनतात, बारा बोरचं 'शक्तिमान' तिथलंच. ते भरवशाचं आहे. तुमच्या कोठीत बसेल एवढंच विक्रेत्याकडून पाहून घ्या.

आता डुकरं. पत्रातली खरी कळ तिथंच आहे, हे मला ठाऊक आहे. रात्रभर जागून सकाळी उलथलेला हरभरा बघणं काय असतं, ते आमच्या घरानंही सोसलंय. पण परवाना बंदुकीचा आहे, डुक्कर मारायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण ती वनखात्याकडून लेखी मिळावी लागते. आणि नुसता आवाजासाठी बार काढत असाल तरी विचार करा. अंधारात शेजारच्या रानातही कुणी जागलीला बसलेलं असतं. एलजीचा, म्हणजे मोठ्या जातीचा छर्रा उंच धरून सोडला तर अर्ध्या किलोमीटरच्याही पुढं जाऊन पडतो. बेफिकिरीनं केलेल्या बारानं कुणाच्या जिवाला धोका झाला तर २०१९ पासून त्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी वेगळी शिक्षा आहे. हवेत बार काढून डुक्कर चार दिवस दबतं आणि पाचव्या दिवशी परत येतं, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलंय.

काडतुसांचे पैसे झटका मशीनमध्ये घाला. सौर बॅटरीवरचं, कुंपणाच्या तारेला ठरावीक वेळानं क्षणभर झटका देणारं मशीन घ्यायचं. तारेला घरची वीज थेट जोडायची नाही, त्यात दरवर्षी माणसं मरतात. खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, डुक्कर नाक खाली घालून येतं. तारेखालचं गवत कापत राहा, नाहीतर झटका जमिनीत जातो. बांधाला काटेरी करडईच्या चार-पाच ओळी टाका, आपल्या आज्या-पणज्या ज्वारीला असंच कुंपण करायच्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे करडईचे वाण आहेत, त्यातलं काटेरीच मागा. करडईनं डुक्कर पूर्ण अडत नाही, पण कडेनं घुसायला बिचकतं, आणि तेल घरचं होतं. ऊसवाल्या शेजाऱ्यांना सोबत घ्या. डुकरांचा मुक्काम त्यांच्या उसात आहे, एकट्यानं तार ओढून ती फक्त पुढच्या रानात जातील. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं अर्ज टाका. उशीर झाला की पंचनाम्यात काही उरत नाही.

धाकटा रिकाम्या हातानं येणार नाही, त्याला भावासाठी काहीतरी आणायचंच असेल. मग त्याला कानावर घालायचे जाड मफ आणि नेमबाजीचा चष्मा आणायला सांगा, या दोन्हींना कुठं अडवत नाहीत. माझा डावा कान १९८८ पासून रात्रंदिवस शिट्टी वाजवतो. तुम्ही इतकी वर्षं दुनळीचे बार उघड्या कानांनी काढले असतील, तर परभणीला जाल तेव्हा एकदा कानही तपासून घ्या.